हत्यारे, आरामखुर्ची आणि दाराजवळची जागा

मी, धंद्याने सुतार, वय वर्षे बाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो माझ्या दिरांना दाखवावा; त्यांना या बाबतीत पूर्वीपासून शंका आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी सुनेने करावी, कारण ती कोणाचे ऐकत नाही.

एक. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगा आणि सून यांना समान हक्काने मिळावे.

दोन. कामाची खोली आणि सर्व हत्यारे मुलीला. मुलाने मन खट्टू करू नये. खिळा सोडून तो अंगठाच ठोकतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

हत्यारे माझ्याकडे कशी आली तेही लिहिते. माझे पतीही सुतार; छपराचे काम करताना पडले आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. दीर लाकडाचे व्यापारी. ते म्हणाले, "वहिनी, दादाला आश्रमात ठेवा आणि दुकान माझ्याकडे द्या. बाईमाणसाच्या हातात करवत शोभत नाही." मी नाही म्हटले. त्यांनी लाकूड देणे बंद केले. मग मी पाडलेल्या घरांच्या चौकटी आणू लागले. पतींची खाट कामाच्या खोलीत हलवली. ते पडल्या पडल्या शिकवीत. भिंतीकडे तोंड असले, तरी रंध्याच्या आवाजावरून म्हणत, "लाकडाच्या उलट्या रेषेने चाललीस. फळी फिरव."

पहिले स्टूल केले, त्यावर बसले आणि थेट जमिनीवर आले. घाबरून त्यांच्याकडे पाहिले, तर ते हसत होते. अपघातानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "अगं, प्रभूही सुताराच्याच घरी वाढला. त्याचंही पहिलं स्टूल असंच गेलं असेल." आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आणि त्याच दमात प्रार्थना केली. संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची खात्री नव्हती. तरी तो आनंद उसना नव्हता. पुढे रोज कामाआधी एक स्तोत्र गात असू, ते सुरात, मी बेसूर.

दुःख नव्हते असे नाही. त्यांच्या पाठीच्या जखमा मीच धूत होते. पण जखम धुतानाही प्रभू आमच्याजवळ आहे हे आम्हाला पक्के ठाऊक होते. आनंद तिथून यायचा. दिवस बरा गेला म्हणून नव्हे.

तीन. पतींच्या अंत्ययात्रेत दिरांनी पुढचा खांदा दिला. कबरीपाशी मी गायला लागले, तेव्हा माझ्या मागोमाग तेही गायले. सारे तिथेच मिटले. भावजी, मी तुम्हाला क्षमा केली आहे. हे तोंडी सांगून झाले आहे, पण तोंडी व्यवहारावर तुमचा विश्वास नाही, म्हणून लेखी. सागाची आरामखुर्ची तुम्ही घ्यावी. लाकूड तुमच्या वखारीतले नाही, एवढे बसताना लक्षात असू द्यावे.

चार. मला निरोप देताना ज्याला रडायचे त्याने रडावे. स्तोत्र मात्र रेंगाळत म्हणू नये.

पाच. जावई वारल्यापासून मुलगी उपासनेला येत नाही. मला चर्चपाशी सोडते आणि बाहेर गाडीत बसते. एकदा म्हणाली, "आई, तुझा आनंद मला नको शिकवूस." मी शिकवला नाही. मलाही कोणी शिकवला नव्हता. हत्यारांना कसलीही अट नाही. ती चर्चमध्ये कधीच आली नाही, तरी हत्यारे तिचीच. मंडळीला विनंती, तिला आत ओढू नये, उपदेश करू नये. दाराजवळच्या बाकावरची माझी जागा तेवढी मोकळी ठेवावी.

परवा रविवारी मी चष्मा गाडीत विसरले. तो द्यायला ती दारात आली. गाणे सुरू झाले होते. ती परत फिरली नाही. गायली नाही, पण शेवटच्या कडव्यापर्यंत दाराला टेकून उभी राहिली. पुढचे मी प्रभूवर सोपवले आहे. मला काळजी नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

सही: सुतारीणबाई

साक्षीदार, यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही आणि त्यांची तशी तक्रारही नाही:
१. मंडळीचे पाळक (सही)
२. शेजारच्या नर्सबाई (सही)

ठिकाण: कामाची खोली
दिनांक: १४ जून, मंगळवार