डाव्या बाजूचा दाणा

शहापूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नास अनेक आशीर्वाद.

आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घे. अख्ख्या शहापूरच्या बाजारात साधं, निमूट पाकीट मिळत नाही. तीन दुकानं फिरलो. शेवटी लग्नपत्रिकावाल्याने उरलेलं एक हातात कोंबलं. त्यावर सोनेरी गणपती. "गणपती नको," म्हटलं, तर म्हणाला, "काका, तो फ्री आहे." पंचवीस वर्षं साप्ताहिकात देवाधर्माची टिंगल छापणाऱ्या माणसावर ही वेळ! तेव्हा पाकीट पाहून भाऊ सुधारला असं समजू नकोस.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. इकडे ठीक. तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी वाल सोलून ठेवलेत.

तुझ्या दिशाचा फोन आला होता. म्हणाली, दाजींचे दिवस झाले तेव्हापासून आईने देव्हाऱ्याला पडदा लावलाय, गावदेवीची पायरीही चढत नाही. "आई म्हणते, मी देवीला विचारलं आणि तिने मला फसवलं."

खरं तर मी पेढे वाटायला हवेत. तुझ्या घरातला देव जावा म्हणून तीस वर्षं भांडलो. पण पोरीचा फोन ठेवला आणि ताट तसंच सारून उठलो.

ठाण्याच्या डॉक्टरने दाजींच्या हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, ते आठवतंय ना? शंभरात नव्वद सुखरूप बाहेर येतात म्हणाला. मी म्हटलं, मग विचार कसला? तू म्हणालीस, "देवीला कौल लावते." मी ओरडलो, "माणसाचं हृदय आणि तांदळाचा दाणा! अक्कल आहे का?" तू शांतपणे म्हणालीस, "दादा, डॉक्टर शंभर जणांचं सांगतो. मला माझ्या एकाचं विचारायचंय."

उत्तर द्यायचं सोडून मी ते वाक्य लेखात टिंगलीला वापरलं. लोक हसले.

आता पुढचं. कौलाच्या दिवशी बारकूदादांचा हात फार थरथरत होता. गावदेवीचे गुरव ते, आता थकलेच आहेत. मला म्हणाले, "कमळाकर, दाणं तू लाव. न मानणारा बरा, तो लबाडी नाय करनार." देवीच्या उजव्या खांद्यावरचा दाणा आधी पडला तर हो, डाव्यावरचा पडला तर नको. उजवा मी नुसत्या पाण्याने टेकवला. डावा चिकटवला नैवेद्याच्या भातातल्या शिताने.

उजवा पडला. तू हात जोडलेस. दाजी हसून म्हणाले, "चला, देवीबाईंनी परवानगी दिली." ऑपरेशनमधून ते परत आले नाहीत.

रत्ना, देवीने हो म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं.

तुझ्या श्रद्धेला मी जन्मभर अडाणी म्हणत आलो. पण तू विचारलंस, उत्तर पाहिलंस, त्याप्रमाणे वागलीस. ते उलटलं तसा विश्वास काढून घेतलास. यात अडाणी काय? पुरावाच मी बिघडवला होता. आणि मी! नव्वद ऐकून उरलेल्या दहांबद्दल डॉक्टरला एक प्रश्न विचारला नाही. देव नाही असं मला आजही वाटतं. पण त्या दिवशी देवळात डोळे मिटून मानणारा कुणी होता, तर तो मी.

डावा पडला असता तर? दाजी आज असते, की दोन महिन्यांत शेतात कोसळले असते, कुणाला माहीत. त्या प्रश्नाशी मला एकट्याला राहू दे. तू त्यातून बाहेर ये. ते हो तुझं नव्हतं.

परवा गावी आलो होतो. तुझ्या दारावरून गेलो, आत यायचं धैर्य झालं नाही. बारकूदादांना सगळं सांगितलं. त्यांनी देऊळ झाडून पुरं केलं. मग म्हणाले, "चार महिनं वाटतंय रं, माझा हात चालला असता तर कौल चुकला नसता."

"देवीला काय सांगू?" मी विचारलं.

"तिला काय सांगतोस? ती तिथंच व्हती. भनीला सांग."

तू दर मंगळवारी देवळात तेल द्यायचीस, ते थांबल्यापासून दिवा कधी लागतो, कधी नाय, असंही म्हणाले. तसाच धसईच्या बाजारात गेलो, तेलाचा डबा आणला आणि त्यांच्या ओट्यावर ठेवला. तुझ्या नावाने नाही. देणं माझं होतं.

पडदा काढायचा की नाही, तुझं तू बघ. मी त्यावर पुन्हा बोलणार नाही. खाली 'तुझा दादा' लिहायची सवय आहे. या वेळी ते तू म्हणालीस तरच.

कमळाकर