अकरा चारमिनारी

मु. पो. ता. वाशी, २ नोव्हेंबर २०२३

ती. धुरपदाआक्कांना बलभीमचा शि. सा. न.

सोबतची सागवानी पेटी मी केली. आतली मखमली अकरा घरं मीच कोरली. नाणी तोलायचा काटा सायकलच्या तारेचा, भिंगाची दांडी, डब्यात बसवलेला दिवा, सगळं या हातांचं. कुणी शिकवलं नाही. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तार भरता भरता नाणी ओळखायला शिकलो.

पेटीत निजामाच्या वेळचे चारमिनार छापाचे अकरा रुपये आहेत. घरात रंगकाम काढलंय, रंगाच्या वासानं चांदी बिघडते, म्हणून दिवाळीपुरती पेटी येडशीला तुमच्याकडं. नंतर मुंबईला तपासणी होईल. खरेपणाची आणि प्रतीची, म्हणजे दर्जाची, चिठ्ठी लागून नाणी आली की सोलापूरचे नाण्यांचे व्यापारी व्यंकटशेठ घेणार, आणि तुमच्या काळजाची झडप बसणार. सरकारी योजनेत नाव बसलं नाही तर न बसो.

नाण्यांना बोट लावू नका, घामाचा डाग उठतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. भाऊबीजेला येतो.

तुमचा
बलभीम

येडशी, १३ नोव्हेंबर २०२३

चि. बलभीमास आक्काचे आशीर्वाद.

काल लक्ष्मीपूजनाला पेटी उघडली. रुपये सगळे काळे ठिक्कर. पाटावर काळी लक्ष्मी कोण मांडतं रं? आई चिंच आन् राख घेऊन बसायची, ध्यानात हाय का? तसंच केलं. तू बोट लावू नको म्हणलास, तर म्या बोट लावलंच न्हाय. हाताला धोतराचं मऊ फडकं गुंडाळून घासले. मधी दोनदा दम लागला, पर आता असे लखलखतात की मिनार मोजून घ्यावेत.

शेजारची शरणम्मा म्हणली, मुंबईवाले दुप्पट देतील. म्या म्हणलं, माझा भाऊ लई चिकित्सक, त्यातबी खोट काढील. पोरीगत मिरवले बघ दिवसभर. माझ्यासाठी तू एवढं करतोस, तर एवढी तरी ओवाळणी माझ्याकडनं.

ये लवकर. शेवया करते. माया हाय तशी राहू दे.

तुझी
आक्का

वाशी, २१ जानेवारी २०२४

ती. आक्कांना शि. सा. न.

मुंबईची चिठ्ठी आली. अकराही रुपये खरे. पुढं लिहिलंय, घासलेले, प्रत देता येत नाही.

भाऊबीजेला तुम्ही ओवाळलं, मी पेटी उघडली आणि छान झाले म्हणालो. ते छान नव्हतं. त्याच रात्री भिंगाखाली पाहिले, प्रत्येक रुपयावर राखेच्या बारीक रेघा. ती काळी झाक म्हणजेच त्यांची किंमत होती. टाकसाळीतून निघाल्यापासून कुणी हात फिरवला नाही, याची ती खूण. बोटाच्या घामापर्यंत बारीक लिहिलं आणि हे लिहिलं नाही. तरीही मुंबईला पाठवले, कुणाला दिसणार नाही या आशेवर. मला दिसतं ते त्यांनाही दिसतं.

आता चांदीच्या भावानं जेवढे येतील तेवढेच. तार भरायचं मशीन विकायला काढलंय, पण गिऱ्हाईक नाही. डॉक्टरांनी दिलेली फेब्रुवारीची तारीख हुकणार. तुमचं काही चुकलं नाही असं लिहायला चारदा बसलो, कागद फाडले. तुम्ही जिना चढू नका. गोळ्या चुकवू नका.

लोभ ठेवा म्हणायचा हक्क उरला असेल, तर ठेवावा.

तुमचा
बलभीम

ता. क. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो. व्यंकटशेठ काल येऊन गेले. म्हणाले, गंधकाची धुरी द्या, पावसाळ्यापर्यंत पुन्हा काळे होतील, न घासलेले म्हणून मी खपवतो, पैसे आजच घ्या. तुमच्या हाताला हे बेमालूम जमेल, असंही म्हणाले. जमलं असतं, आक्का. मी नाही म्हणालो. एक लाख ऐंशी हजार देत होते, रोख.