ओवाळायला ये

हाउन्सलो,
९ नोव्हेंबर २०२४

तनूबाई,

आशीर्वाद आधी, तक्रार मागाहून. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून कागदच घेतला. इकडे सगळं ठीक. बाबांची हीथ्रोची शिफ्ट चालू आहे. कुंडीतली मेथी बरी आली, तुझ्या वाटची निवडून फ्रीझरमध्ये टाकलीये.

तू पाठवलेला थीसिसचा चॅप्टर वाचला. डिक्शनरी घेऊन बसले होते, हसू नकोस. साम्राज्याच्या फौजेचा खर्च कोणी उचलायचा यावरून काय ती घासाघीस. कॅनडा, ऑस्ट्रेलियाने हात आखडता घेतला, कारण त्यांना बोलायची सोय होती. हिंदुस्थानला कोण विचारतंय? गोऱ्या शिपायाला इंग्लंडमध्ये कवायत शिकवायची, तर तो खर्चही आपल्याच माथी. मी तावातावाने बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "अगं, चहा निवतोय."

तेव्हा आपला विहान त्याच फौजेत भरती झाला म्हणून तू का चिडलीस, ते कळतं मला. वर्षभर भावाशी बोलत नाहीस, ते मात्र कळत नाही.

काल येऊन गेला. केस इतके बारीक की नुसते कान दिसतात. अर्धं पातेलं बटाट्याची भाजी संपवली आणि त्याच्या त्या मोडक्या मराठीत हळूच म्हणाला, "ताई विचारतो का माझं?" मी म्हटलं, रोज विचारते. खोटं बोलले, बाई.

आता सांगतेच. त्याचं पोस्टिंग आलंय, पुढच्या रविवारी निघतोय. कुठे, ते सांगत नाही. बाबा त्याच्यासमोर थट्टा करतात आणि मग गॅरेजमध्ये जाऊन बसतात. निघताना ओवाळते म्हटलं, तर म्हणाला, "आई, तू नको. ते ताईचं जॉब आहे, शी ऑलवेज डझ इट."

तुझ्या चॅप्टरमधलं एक मला पुरतं पटलं. ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्याच वाट्याला मोठा हिस्सा येतो. भरती होताना त्याने मला विचारलं नाही, अबोला धरताना तू विचारलं नाहीस. दोघांचाही भार मीच वाहतेय. मला फार भीती वाटते, तनू.

तुझं मत बदलू नकोस. थीसिसमधली एक ओळही बदलू नकोस. शनिवारी ये, हवं तर त्याच्याशी कडाकडा भांड, पण त्याला ओवाळ. माझ्या एकटीच्याने हे आता उचलवत नाही.

तुझी आणि त्याचीही,
आई