नवमीची सवाष्ण

१० सप्टेंबर, बुधवार

सोमवारी नवमी, आणि एवढ्या मोठ्या टॉवरमध्ये जेवायला घालायला एक सवाष्ण मिळत नाही! शर्मिष्ठा माझ्याआधी गेली, अहेव गेली. अशा बाईच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालायची. माझ्या आईची नवमी शर्मिष्ठाने कधी चुकवली नाही. तिची पहिलीच नवमी मी चुकवणार असं दिसतंय.

केयूरला फोन केला. "बाबा, आश्रमात ऑनलाइन भरून टाका ना. ते घालतात जेवायला." आई काय विजेचं बिल आहे का रे? हे फोन ठेवल्यावर सुचलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सहाव्या मजल्यावरची रुचिरा — "काका, सोमवारी? ऑफिस आहे ना." तिच्या शेजारणीचं डाएट. तिसरीने पितृपक्षातलं जेवण नको म्हणून हातच जोडले.

शेवटी लिफ्टमध्ये वरच्या सुलक्षणाबाई. इथली चाळ पाडून हा टॉवर झाला, त्या चाळीतल्या. पहाटेपासून माझ्या डोक्यावर त्यांचं वाटण चालतं आणि मी सोसायटीकडे तक्रार करतो, एवढीच आमची ओळख. "कोण गावली नाय? मी येतंय," म्हणाल्या.

कपाळभर कुंकू, हिरव्या बांगड्या. बोलण्यात सारखं "आमच्या ह्यांका ह्या आवडत नाय, ता आवडत नाय". नवरा गावी असणार. हो म्हटलं. अडला हरी, दुसरं काय!

१५ सप्टेंबर, सोमवार

पुरणपोळ्या विकतच्या. वरणभात माझा. वरणात मीठ विसरलो. बाईंनी वरून घेतलं.

येताना डबाभर अळूची भाजी आणली होती. जेवताना शर्मिष्ठाच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हिना माकां एकदा आपल्या केसातलो गजरो काढून दिल्ल्यान." मला हे ठाऊकच नव्हतं. रडलो, परक्या बाईसमोर. त्यांनी जेवण चालू ठेवलं, मग म्हणाल्या, "आणखी एक पोळी वाढा." वाढली. खणनारळ दिला. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वाट लागली.

डबा परत द्यायला वर गेलो तर भिंतीवर नवऱ्याचा फोटो, फोटोला हार. जयवंत. करोनात गेले म्हणे! मी दारातच भडकलो. सांगायचं नाही?

"तुमी इचारल्यात खय? आणि कुकू मी परकरात होतंय तेव्हापासून लावतंय. तेंनी थोडाच आणल्यानी?"

फसवणूक, धर्म, काय वाट्टेल ते बोललो. बाईंचा आवाज चढला नाही. "कोण नाय इला असता तर तुमची बाई उपाशी ऱ्हवली असती."

गुरुजींना विचारलं. म्हणाले, सर्वपित्रीला पुन्हा घाला, या वेळी नीट चौकशी करून. म्हणजे पुन्हा शोध! शर्मिष्ठाचं हे एक काम माझ्याकडे होतं, तेही धड जमलं नाही. सगळ्यांचा राग येतोय. तिचासुद्धा. माझ्याआधी जायची काय घाई होती?

१८ सप्टेंबर, गुरुवार

रुचिरा रविवारी यायला तयार झाली. सुटलो.

वरून वाटणाचा आवाज नाही. झोप तरीही पहाटेच मोडली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वॉचमन अंबादास उगाच घुटमळत होता. वरच्या बाई त्याला विचारून गेल्या म्हणे — रविवारी जयवंतच्या नावाने जेवायला बसशील का? त्याची तर ड्युटी. बाईंना मूलबाळ नाही, दीर कधीच तोंड फिरवून गेला. दरवर्षी कुणीतरी पुरुष माणूस असाच शोधावा लागतो.

मला कशाला सांगतोस, म्हटलं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

सकाळीच रुचिराला कळवलं, येऊ नकोस, आमची नवमी झाली. मग वर जाऊन बेल वाजवली. बोलावणं नव्हतं. जयवंतच्या पानावर जेवून आलो.