सासूबाईंची नाडी आणि माझी डावी बोटं

ती. दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (डावा जोडताना ठणकतो, तेवढं गोड मानून घ्या). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? मंगळवारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि ‘पुढल्या रविवारी आईला घेऊन जातो’ एवढाच निरोप तुमच्या बहिणीकडे (म्हणजे माझ्या बायकोकडे) ठेवलात, म्हणून हे पत्र. मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

दोष माझा, पण गिटार तुमची. माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला तुम्हीच ती दिलीत. सहा आठवड्यांत तिच्या तारांनी माझी डावी बोटं आधी सोलली, मग फोडांनी भरली, आणि आता त्यांवर असे घट्टे पडलेत की चहाचा कप गरम आहे की गार, तेही कळत नाही. दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधे मी तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून बसतो. (परवा एक आजोबा म्हणाले, ‘डॉक्टर, हे कुठल्यातरी चांगल्या डॉक्टरला दाखवा.’)

तर मंगळवारी आई खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या. माझ्या उजव्या हातात फोन, फोनवर तुम्ही, आणि विचारताय, ‘आई कशी आहे?’ मी सहज डावी बोटं त्यांच्या मनगटावर टेकवली. काही नाही. सरकवली. तरी काही नाही. तीस वर्षांची प्रॅक्टिस विसरून ‘नाडी लागत नाही!’ असं मी तुमच्या कानात ओरडलो. (त्याच क्षणी फोन पडून बंद झाला, नाहीतर पुढचं तुम्हीही ऐकलं असतंत.) आईंनी एक डोळा उघडला. ‘मेले असेन हो जावईबापू, पण चहा घेऊन जाते.’

त्यांना नेऊ नका, दादा. डॉक्टर म्हणून माझी गेली ती अब्रू गेलीच. पण संध्याकाळी पत्त्यांत मला हरवायला घरात दुसरं कोण आहे? गिटार मी आजच माळ्यावर टाकतोय.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. गिटार माळ्यावर गेली नाही. उचलली तर आई म्हणाल्या, ‘बघू तरी, कशापायी मारलंत मला.’ पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चाळीस वर्षं दोरा ओढलेली त्यांची बोटं तुम्हाला ठाऊकच आहेत. मी दाखवलं तशा त्यांनी तारा दाबल्या आणि माझ्याकडून सहा आठवड्यांत न निघालेला सूर पहिल्या फटक्यात खणखणीत निघाला! दुखतं का विचारलं, तर ‘यात दुखायचं काय?’

ता. क. २ (शनिवार). पत्र टाकायचं राहिलं. आई तुमच्याकडे येत नाहीत, त्यांना सराव आहे. पत्तेही बंद. तुम्ही मात्र ठरल्याप्रमाणे पुढल्या रविवारी या, आणि येताना दुसरी गिटार आणा. ही तीन दिवस माझ्या हाती आलेली नाही. घट्टे मऊ पडायला लागलेत.