होडीच्या नावाभोवती वाढत चाललेल्या चिन्हांबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी साहेब,
खाडी नौका नोंदणी कक्ष, ठाणे

दिनांक: १२ ऑगस्ट १९९८

विषय: होडीचे नाव संगणकाने खाल्ल्यामुळे परवाना हाताने लिहून मिळणेबाबत.
संदर्भ: होडीवरील मजकूर खरवडून टाकण्याविषयी आपले पत्र.

महोदय,

मी, जनाबाई गोमाजी नाखवा, राहणार कोपरी, मासेमारी करणाऱ्या घरातील विधवा आहे. होडी माझी आहे आणि तिचे नावही जनाबाईच आहे. मी सातवी पास असून हा अर्ज स्वतः लिहीत आहे. लिहून देणारे पुष्कळ भेटतात, पण ते कोणाचे ऐकून लिहितील याचा भरवसा नाही.

१. होडीवर नावाच्या आधी आणि नंतर एकेक अवतरणचिन्ह रंगवलेले आहे. परवाने हाताने लिहीत तोवर त्याने कोणाचे काही बिघडले नाही. चार वर्षांपूर्वी आपल्याकडे संगणक आला आणि परवान्यावर एकाची दोन चिन्हे झाली. आपले तपासनीस श्री. विश्राम म्हणाले, कागदावर आहे तेच होडीवर हवे, नाहीतर होडी पाण्यात घालू देणार नाही. म्हणून माझा मुलगा महिपत याने दोन्हीकडे एकेक चिन्ह वाढवले. पुढच्या वर्षी विश्राम यांनी होडीवरचे तसेच्या तसे उतरवून नेले, तर परवान्यावर चार आली. आम्ही पुन्हा रंग आणला.

२. आपले संगणकवाले श्री. सुधीर यांनी मला सांगितले ते असे. संगणकाला हुकूम देताना नाव चिन्हांत बांधून द्यावे लागते. नावातच तसले चिन्ह असले तर त्याला वाटते नाव संपले, आणि तो काम अर्धवट टाकतो. म्हणून नावातले चिन्ह दोनदा लिहायचे, म्हणजे तो एकच धरतो. हे आपल्या कक्षातल्या टायपिस्ट चित्राबाई टाइप करताना करतात. पण आधीच्या ठेकेदाराने हीच दुप्पट संगणकातही घालून ठेवली आहे, म्हणून दर वेळी एकाची दोन उरतात. चित्राबाई म्हणतात, मला लेखी आदेश आहे. सुधीर म्हणतात, ठेकेदाराच्या कामाला हात लावायचा मला अधिकार नाही. दोघांची उत्तरे पाठ करून घेतल्यासारखी वाटतात.

३. गेल्या वर्षी चिन्हांनीच रकाना भरत आला आणि माझ्या नावाचे फक्त जना उरले. विश्राम यांनी नावातली बाई होडीवरूनही पुसायला सांगितली. आम्ही तिच्यावर गोणपाट टाकून तपासणी निभावली. महिपत म्हणाला, आये, आता फळीवर जागाच नाय गो. यंदाच्या परवान्यावर चिन्हेच चिन्हे आहेत, अक्षर एकही नाही. आणि आता आपणच लिहिता की बिननावाच्या होडीला परवाना देता येत नाही, सबब सर्व खरवडून चिन्हांशिवाय नवे नाव रंगवावे.

४. नारळी पौर्णिमा झाली. सगळ्यांच्या होड्या गेल्या, माझी काठावर आहे. तिच्या जागेला लागूनच मातीचा भराव पडतो आहे. भराव टाकणाऱ्या बिल्डरच्या शेडमध्ये विश्राम चहा घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. होडी हंगामभर पाण्याबाहेर राहिली की ही जागा वापरात नाही असे कोणीतरी लिहील, अशी मला भीती वाटते. संगणक कोणाचा चहा पीत नाही, हे मान्य. पण त्याला शिकवणारे पितात.

५. चिन्हे पुसली तर या बाईचे काय जाते, असे आपल्याला वाटेल. माझे यजमान अंगठा उठवत. लग्नानंतर त्यांनी माझ्याकडून एवढे एकच नाव लिहायला शिकून घेतले आणि होडीवर स्वतः रंगवले. दुकानांच्या पाट्यांवर पाहून चिन्हेही घातली. मी म्हटले, याची गरज नाही. ते म्हणाले, मोठ्या लोकांच्या नावाला असतात, तुझ्या पण असूदे. त्यांनी आयुष्यात लिहिलेले एवढेच आहे.

तरी साहेब, परवान्यावर माझे नाव आपल्या पेनाने लिहून सही करावी. महिपतने वाढवलेली चिन्हे मी आजच पुसते. यजमानांच्या दोन चिन्हांना हात लावणार नाही, कोणाला लावूही देणार नाही. त्यासाठी होडी काठावरच राहणार असेल तर मीही तिच्यात बसून राहीन. मग भराव टाकणाऱ्यांनी माझ्या अंगावर टाकावा.

उत्तराची वाट पाहणारी,
जनाबाई गोमाजी नाखवा

सोबत: पाचही परवान्यांच्या नकला व होडीचा फोटो, गोणपाट काढून. मूळ कागद मागू नयेत, मिळणार नाहीत.