मागचं उजवं चाक

मेहरूण, जळगाव
एप्रिल १९९२

प्रिय लतावहिनी,

हे पत्र घरी न टाकता तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकलंय, म्हणून घाबरू नकोस. इथं सगळे धडधाकट आहेत. घरी आलेलं पाकीट गिरधरभाऊ आधी फोडतो आणि मग तुला देतो, नवरा असला तरी ही काय रीत झाली! हे त्याच्या हाती पडायला नको. का, ते शेवटी सांगते. उगाच खालच्या ओळींवर उडी मारू नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे. बाकीच्या बाया डबा खायला बसल्या की तू एकीकडे बसून वाच.

आखाजीचा सण तोंडावर आला. पिंपळनेरहून शेवंताअक्काला आणायचं आहे. गेल्या साली तिच्याकडे मुऱ्हाळी गेलाच नाही, आणि लेकीला आखाजीला माहेरचा माणूस घ्यायला गेला नाही की सासरी बायका कसं बोलतात ते तुला सांगायला नको. यंदा तिची कंबर धरली आहे, एसटीत बसवत नाही. म्हणजे गाडी हवी. गाडी म्हणजे आपली म्हातारी फियाट, आणि ती चालवणार नाना. इथंच सगळं घोडं पेंड खातं. दिवाळीत नाना तुला आणि छकुलीला धुळ्याला सोडायला निघाले, तर पारोळ्याच्या पुढं ती खडीच्या ढिगावर चढली, तुझ्या छकुलीच्या हनुवटीला टाके पडले, आणि नाना सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मना पाय चुकना.’ त्या दिवसापासून भाऊने बापाशी बोलणं टाकलं. दवाखान्याच्या दारात किल्ली मागून घेतली आणि म्हणाला, पुन्हा स्टिअरिंगला हात लावलात तर मला मुलगा म्हणू नका. संक्रांतीला तुम्ही आला नाहीत, होळीला आला नाहीत. तू तर पत्रात दोन ओळींच्या वर लिहीत नाहीस. शाळेत लुनावर जाणारी तू, आता पायी जातेस असं छकुलीने पाठवलेल्या चित्राखाली लिहिलेलं वाचलं. आई म्हणते, सुनेला भीती बसली. मीही तेच धरून चालले होते.

तर नानांनी देवघरातली दुसरी किल्ली काढली. भाऊला हे कुठून कळलं देव जाणे, त्यानं शेजारच्या छगनकाकांच्या फोनवर मला बोलावून हुकूम सोडला, की म्हाताऱ्याला अडवता येत नसेल तर निदान शेजारी बस आणि त्याच्या पायाकडे डोळा ठेव. मला वडिलांवर पहारा करायचं काम! चीड आली, पण बसले. गाडी दिवाळीनंतर दुरुस्त होऊन आली ती तशीच झाकून ठेवलेली होती. मागच्या रविवारी सकाळी आम्ही तळ्याकडे निघालो. निघताना आईने चारही चाकांवर गोडेतेलाची धार सोडली, वर तांब्याभर पाणी ओतलं. बैलगाडीच्या काळापासूनची तिची ही रीत, चाक तहानलेलं घराबाहेर जाऊ नये म्हणते.

तळ्याच्या उतारावर म्हशी आडव्या आल्या. मी म्हशींकडे बघतच नव्हते वहिनी, मी नानांच्या पायाकडे बघत होते. चप्पल काढून चालवायची त्यांची सवय, अंगठ्याची फुटकी नखं मला दिसत होती. पाय ब्रेकवर पडला. अगदी नीट, मधोमध. आणि ब्रेक तसाच खाली गेला, पार पत्र्याला टेकला, आणि गाडी चाललीच आहे! नानांनी खाडकन गिअर खाली घेतला, हातब्रेक ओढला, एका म्हशीच्या मागच्या पायाला बंपर घासला आणि गाडी थांबली. म्हशीवाला आईबहिणीवरून शिव्या देत होता, आणि नाना स्टिअरिंग धरून बसलेले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, घाबरले. मी त्यांच्या दंडाला धरून म्हटलं, नाना, तुमचा पाय चुकला नव्हता, मी बघितलंय. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी काहीतरी भलतंच बोलले.

मी इतकी खूश झाले होते! म्हटलं, चला, भाऊचं तोंड बंद झालं. दिवाळीतही ब्रेकच गेला असणार, नानांनी उगीच अंगावर घेतलं. पण नाना म्हणाले, नुसतं ‘असणार’ नको, पक्कं पाहिजे. त्यांनी पुढचं झाकण उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली, तर तळाला थेंबभर. मग तो गेलेला आठवडा काय सांगू. हारुन मिस्त्री आले. त्यांनी बाटली भरली, पंपाचं रबर बदललं, सगळे पाइप आवळले आणि म्हणाले, झालं काम. दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा उतरलेली. गाडीखाली मी आईची जुनी पांढरी चादर अंथरली, सकाळी बघते तर मधे एक डाग नाही. ऑइल जातंय आणि कुठं जातंय कळत नाही! मिस्त्री वैतागले. चाकांपाशी तेलकट होतं, तर हात झटकून म्हणाले, ये तो चाचीका तेल है, ह्यात मी काय शोधू? आम्हालाही ते पटलं, कारण तिथं तेल असतंच. माझ्या जन्माच्या आधीपासून आपल्या घरच्या चाकांना तेल असतं.

इकडे अक्काचा निरोप, की मुऱ्हाळी कधी येतोय. नाना म्हणायला लागले, नाही सापडलं तरी जातो, गिअरवर नेईन, हातब्रेकवर नेईन. मी ओरडले त्यांच्यावर. साक्रीच्या रस्त्याला ट्रकांची रांग असते, परतताना शेजारी अक्का असणार, आणि हे म्हणे हातब्रेकवर नेईन! जेवण टाकून उठले ते. रात्रभर त्यांच्या खाटेची करकर ऐकू येत होती. आई मला म्हणाली, किल्ली लपव. मी खरंच ती तांदळाच्या डब्यात खुपसली, आणि सकाळी उठून बघते तर नाना पायजमा वर खोचून गाडीपाशी उकिडवे बसलेले, हातात बॅटरी. मला म्हणाले, कुंदे, किल्ली राहू दे डब्यात, तू आधी इकडं ये, माझी नजर पुरत नाही.

तेवढ्यात आई तेलाची वाटी आणि तांब्या घेऊन आली. गाडी कुठं जाणार नव्हती तरी! सणाचे दिवस म्हणाली. मी रागाने काही बोलणार होते, पण बरं झालं बोलले नाही. तिने तेल सोडलं, पाणी ओतलं, आणि मी मागच्या उजव्या चाकापाशी वाकलेली होते. दुसऱ्या चाकांवर पाण्याचे थेंब तेलावरून घरंगळून गेले. या चाकाच्या आतल्या अंगाला मात्र पाणी त्या ओलाव्यात मिसळलं आणि दोन्ही एकत्र वाहून गेलं. मी बोट लावून हुंगलं, तो वास काही आपल्या गोडेतेलाचा नव्हे. नखाने खरवडलं तर रिमचा रंगच सोलून हातात आला. वहिनी, तेलाने कधी रंग उडतो का गं? मी इतक्या जोरात हाक मारली की समोरच्या भिकुबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या.

मिस्त्रींनी चाक काढलं, आतला ड्रम काढला. आत सगळं भिजून चिखल. चाकातल्या छोट्या सिलेंडरचं रबर फाटलेलं, दाबलं की ऑइल आतच झिरपायचं आणि टायरच्या आतल्या बाजूने उतरायचं, तिथं आईचं तेल हजर! नानांनी एकच विचारलं, हे कधीपासून असेल? मिस्त्री म्हणाले, आजचं नाही, ही धूळ खाऊन बसलेली पुटं बघा, मागच्या पावसाळ्याआधीपासूनचं आहे. आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. दिवाळीत गाडी ठोकलेली आली तेव्हा बाटली कोरडी होती म्हणे. धडकेत सांडलं असेल असं समजून त्यांनी भरून टाकली. ब्रेकचं कुणी विचारलंच नव्हतं ना! नानांनी सांगितलेलं, पाय चुकला. आई तिथंच रडायला लागली, माझ्या तेलाने घात केला म्हणून. नाना तिला म्हणाले, तुझं तेल तुझ्या ठिकाणी बरोबर शे, रडू नको. आणि मागच्या अंगणात निघून गेले.

मी त्यांच्या मागे चहा घेऊन गेले. म्हटलं, आता भाऊला कळवूया, तुमचा पाय चुकला नव्हता हे सिद्ध झालं. नाना कपाला हात लावीनात. मग रडले. मी नानांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. आणि त्यांनी सांगितलं. वहिनी, मला सगळं माहीत आहे. पावसाळ्यात तू इथं राहायला होतीस तेव्हा पहाटे फिरायला म्हणून तू आणि नाना तळ्याच्या रस्त्यावर जायचात, ते गाडी शिकायला. भाऊ नाही म्हणेल म्हणून कुणाला सांगायचं नाही असं तुमचं ठरलं होतं. त्या दिवशी पारोळा सुटल्यावर रस्ता मोकळा बघून नानांनीच तुला स्टिअरिंग दिलं. छकुली मागे झोपलेली. शेळ्या आडव्या आल्या. आणि गाडी खडीवर चढल्यावर, लोक धावत यायच्या आत, नानांनी तुला अलीकडे सरकवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसले. तू त्यांना सांगत होतीस, नाना, मी दाबला होता, मी ब्रेकच दाबला होता. आणि ते तुला म्हणाले, नवशिक्याला तसं वाटतं पोरी, होतं असं, तू आता एक शब्द बोलू नको. तेच त्यांना जाळतंय. जगापासून तिला वाचवलं म्हणाले, आणि तिचं खरं मीच खोटं पाडलं. आपण लेकीला मारायचंच बाकी ठेवलं असं ती इतके महिने स्वतःलाच म्हणत असेल, आणि ते तिच्या डोक्यात मी घातलं.

अक्काला आणायला जाताना नाना धुळ्याला तुमच्या दाराशी थांबणार आहेत. चाकात नवं सिलेंडर बसलंय, मिस्त्री आणि मी दोघांनी तळ्याचा उतार चार वेळा उतरून बघितला. ते भाऊला स्टिअरिंग कुणाकडे होतं हे सांगणार नाहीत. ते सांगायचं की नाही, हा तुझा हक्क आहे असं म्हणतात. तुझी माफी मात्र त्यांना समोर उभं राहून मागायची आहे. मी म्हटलं, तोवर तिने आणखी एक रात्र तरी का काढावी, मी आज लिहिते. म्हणून हे पत्र. तू दाबला होतास, वहिनी. ब्रेकच दाबला होतास.

तुझीच,
कुंदा